मोंझा 2024: टायर एका फेरीने नवे असूनही पियास्त्रीला दुसऱ्यांदा का थांबावे लागले?

सहावा गिअर
2 सप्टेंबर 2024

नमस्कार. कालची मोंझाची फॉर्म्युला वन शर्यत, इटालियन ग्रां प्री, मी साडेसहाला सुरू झाल्यापासून शेवटचा झेंडा पडेपर्यंत जागचा न हलता पाहिली आणि रात्री जेवणानंतर टायर बदलण्यासाठी घेतलेल्या प्रत्येक थांब्याचा हिशेब वहीत मांडून बसलो, तरी एक कोडे काही सुटत नाही. जाणकारांनी मदत करावी.

आधी हिशेब मांडतो, म्हणजे चुकत असेन तर तिथेच थांबवता येईल. शर्यत 53 फेऱ्यांची होती. नॉरिस पोलवर, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवर, त्याच्या शेजारी मॅक्लॅरेनचाच पियास्त्री, तिसरा मर्सिडीजचा रसेल आणि चौथा फेरारीचा लक्लेर, अशी सुरुवातीची मांडणी होती. पहिल्याच फेरीत रॉजिया शिकेनपाशी (लागोपाठच्या उलटसुलट वळणांपाशी) पियास्त्रीने बाहेरच्या बाजूने जाऊन नॉरिसला मागे टाकले आणि त्या झटापटीत नॉरिसचा वेग तुटल्यामुळे लक्लेरनेही दुसरे स्थान पटकावले. तिघेही मीडियम टायरवर होते. नॉरिस 14व्या फेरीत थांबला, लक्लेर 15व्या आणि पियास्त्री 16व्या फेरीत. तिघांनीही हार्ड, म्हणजे अधिक टणक आणि जास्त टिकणारे, टायर घेतले. आधी थांबल्यामुळे नॉरिसला नव्या टायरवर एक जोरदार फेरी मिळाली आणि तो पुन्हा लक्लेरच्या पुढे निघाला. इथवर सगळे सरळ आहे.

पुढे नॉरिस 32व्या फेरीत आणि पियास्त्री 38व्या फेरीत दुसऱ्यांदा थांबला. लक्लेर मात्र थांबलाच नाही. त्याच एका हार्ड संचावर त्याने उरलेल्या 38 फेऱ्या काढल्या आणि पियास्त्रीला 2.664 सेकंदांनी हरवले. नॉरिस लक्लेरच्या मागे सहा सेकंदांवर राहिला.

आता माझा प्रश्न. लक्लेर 15व्या फेरीत थांबला आणि पियास्त्री 16व्या, म्हणजे पियास्त्रीचे हार्ड टायर एका फेरीने नवेच होते. रबराचे मिश्रण तेच, रस्ता तोच, हवामान तेच. शनिवारच्या पात्रता फेरीत मॅक्लॅरेनची गाडी सर्वांत वेगवान होती, हे पहिल्या दोन जागांवरून स्पष्टच आहे. मग जे टायर लक्लेरच्या गाडीला शेवटपर्यंत पुरले, ते पियास्त्रीला 22 फेऱ्यांतच का सोडावे लागले? हा चालकांतला फरक मानायचा, गाड्यांमधला, की पिट भिंतीवर बसून डावपेच ठरवणाऱ्यांच्या हिशेबातला?

---

रबरकाम
2 सप्टेंबर 2024

तुमचा हिशेब बरोबर आहे; फक्त टायरचे वय फेऱ्यांत मोजण्याची आपल्या सर्वांची सवय इथे फसवते, असे मला वाटते. मी रबराच्या मिश्रणांशी संबंधित कामात बरीच वर्षे आहे. शर्यतीच्या टायरशी माझा संबंध प्रेक्षक म्हणूनच येतो, पण रबर शेवटी रबरच असते.

काल टायर झिजून संपले नाहीत. त्यांच्यावर ग्रेनिंग झाले. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि सगळा गोंधळ त्यांची सरमिसळ केल्याने होतो. खोडरबर कागदावर घासला की त्याच्या बारीक वळकट्या निघतात, हे आपण शाळेपासून पाहत आलो आहोत. टायरचा पृष्ठभाग रस्त्यावर आडवा सरकला की तशाच वळकट्या निघतात, पण रबर गरम आणि चिकट असल्यामुळे त्या गळून न पडता पुन्हा टायरवरच चिकटतात. मग टायर रस्त्याला सपाट न टेकता त्या गोळ्यांवर टेकतो, पकड कमी होते, पकड कमी झाल्यामुळे तो आणखी सरकतो आणि आणखी गोळ्या तयार होतात. आतले रबर भरपूर शिल्लक असते, तरी गाडी वळत नाही.

मोंझात यंदा याला खास कारण होते. संपूर्ण ट्रॅकवर नवे डांबर टाकण्यात आले आहे. असा नवा, गुळगुळीत पृष्ठभाग आरंभी टायरला नीट धरत नाही. गाड्या फिरून त्यावर रबराचा थर बसेल तसतशी पकड वाढत जाते. त्यातच काळे डांबर उन्हात तापते. मोंझाची मोठी वळणे उजवीकडची आहेत. कुर्व्हा ग्रांदे, दोन्ही लेस्मो आणि शेवटचे पॅराबोलिका या चारही ठिकाणी भार डाव्या बाजूच्या टायरवर पडतो, म्हणून डावा पुढचा टायर सर्वांत आधी हार मानतो. शुक्रवारच्या सरावापासून सगळे संघ याच टायरची काळजी करत होते.

मात्र ग्रेनिंगची एक गंमत अशी की ते बरे होऊ शकते. झीज होत नाही. चालकाने नव्या टायरवरच्या पहिल्या पाचसहा फेऱ्यांत संयम राखला, वळणात गाडी थोडी हळू शिरवली, स्टिअरिंग एकदम न फिरवता पुढच्या चाकांना सरकू दिले नाही, तर गोळ्या फार होत नाहीत, आणि झाल्या तरी पुढच्या काही फेऱ्यांत झडून पृष्ठभाग पुन्हा स्वच्छ होतो. तोवर पेट्रोल जळून गाडी हलकी झालेली असते, रस्त्यावर रबर बसलेले असते, आणि पंधरा फेऱ्या जुना टायर पाच फेऱ्या जुन्यापेक्षा चांगला चालू लागतो. याउलट पहिल्या फेऱ्यांत जोर लावला, तर टायर त्या चक्रातून बाहेरच पडत नाही.

तेव्हा पियास्त्रीचे टायर एका फेरीने नवे होते की नव्हते, यावर काही ठरत नव्हते. 17व्या ते 22व्या फेरीत कोणावर काय दडपण होते, ते पाहायला हवे. पियास्त्री पहिला होता, पण त्याच्या मागोमाग त्याचाच सहकारी नॉरिस होता, आणि तो अंडरकट करून (आधी थांबून, नव्या टायरवर वेळ कमावून) ताज्या दमाने आलेला होता. त्याला मोकळे सोडायची सोय पियास्त्रीला नव्हती. लक्लेर तिसरा होता. पुढच्याला गाठण्याची त्याला घाई नव्हती आणि मागून येणाऱ्याची भीतीही फारशी नव्हती. तिसऱ्या क्रमांकावर ढकलला जाणे हेच त्याच्या पथ्यावर पडले, असे म्हटले तर विचित्र वाटेल, पण माझे मत तेच आहे.

---

पिट भिंत
2 सप्टेंबर 2024

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु त्यामुळे मॅक्लॅरेनचे निर्णयकर्ते फार सहज सुटतात, असे मला वाटते.

मोंझात थांबा घेणे महाग पडते. पिट लेनमध्ये वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटरची, लेन लांब, आणि तुम्ही तिथे सरपटत असता तेव्हा शेजारच्या सरळ रस्त्यावरून प्रतिस्पर्धी ताशी 330 किलोमीटरहून अधिक वेगाने निघून जात असतात. सगळे मिळून सुमारे 24 सेकंद जातात. म्हणूनच हा ट्रॅक परंपरेने एका थांब्याचा मानला जातो. एक थांबा वाचवणाऱ्याने पुढच्या 15 फेऱ्या दर फेरीस दीड सेकंद हळू चालवल्या, तरी तो पुढेच राहतो.

हे लक्लेरला कोणी शिकवायला नको, कारण 2022 साली हाच धडा त्याने उलट बाजूने गिरवला आहे. तेव्हा तो पोलवर होता. 12व्या फेरीत व्हर्च्युअल सेफ्टी कार (सर्वांना वेग कमी ठेवायला लावणारा इशारा) आली, फेरारीने स्वस्तातला थांबा म्हणून त्याला आत बोलावले, आणि मग 33व्या फेरीत पुन्हा थांबावे लागले. रेड बुलचा व्हर्स्टॅपन सातव्या स्थानावरून सुटूनही एका थांब्याच्या योजनेवर जिंकला. त्या दिवशी मोंझाच्या गॅलरीत बसलेल्यांचे चेहरे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना काल तिथे उसळलेला फेरारीच्या चाहत्यांचा लाल समुद्र पाहताना ती शर्यत आठवलीच असेल.

आता 38व्या फेरीचा निर्णय पाहा. पियास्त्री आघाडीवर होता. थांबून बाहेर आला तेव्हा तो लक्लेरच्या सुमारे 18 सेकंद मागे पडला आणि दोघांच्या मध्ये लक्लेरचा फेरारीतला सहकारी साइन्झही होता. उरलेल्या फेऱ्या 15, म्हणजे दर फेरीस सव्वा सेकंद भरून काढायचे, त्यात साइन्झला ओलांडायचे, आणि शेवटी लक्लेरला गाठून त्यालाही ओलांडायचे. हाती असलेली आघाडी सोडून हे गणित स्वीकारायचे, तर लक्लेरचे टायर शेवटी कोसळणार याची जवळपास खात्री हवी. ती कोणालाच नव्हती. असूही शकत नव्हती, कारण नव्या डांबरावर कोणी 38 फेऱ्यांचा टप्पा आजवर केलाच नव्हता.

त्याहून मोठी चूक वेगळीच आहे. मॅक्लॅरेनकडे आघाडीवर दोन गाड्या होत्या. नॉरिस 32व्या फेरीत दुसऱ्यांदा थांबला, म्हणजे दोन थांब्यांची बाजू त्याने सांभाळली. मग पियास्त्रीला बाहेर ठेवून एका थांब्याची बाजू सांभाळायला काय हरकत होती? टायर कोसळले असते तर मागून ताज्या टायरवर नॉरिस येतच होता; टायर टिकले असते तर पियास्त्री जिंकला असता. दोन सोंगट्या असताना दोन्ही एकाच घरात नेऊन ठेवल्या. महिन्याभरापूर्वी बेल्जियममध्ये जॉर्ज रसेलने अशाच एका थांब्यावर सर्वांना चकवले होते. नंतर त्याची गाडी दीड किलोने हलकी भरली म्हणून त्याला बाद ठरवून विजय हॅमिल्टनला दिला गेला, हा भाग वेगळा. पण जुने हार्ड टायर सगळ्यांच्या अंदाजाहून जास्त टिकतात, ही सूचना 28 जुलैलाच मिळाली होती.

---

अर्धा सेकंद
2 सप्टेंबर 2024

‘पिट भिंत’ यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, मधल्या मुद्द्याशी नाही. शर्यत संपल्यावर उत्तरपत्रिका हाती घेऊन निर्णय तपासणे फार सोपे असते.

बुडापेस्टची 2019 सालची शर्यत आठवा. व्हर्स्टॅपन पुढे होता आणि हॅमिल्टन त्याला ओलांडू शकत नव्हता. 70 पैकी 48व्या फेरीत मर्सिडीजने हॅमिल्टनला दुसऱ्यांदा आत बोलावून मीडियम टायर दिले. तो सुमारे 20 सेकंद मागे पडला. व्हर्स्टॅपनचे हार्ड टायर संपत आले आणि 67व्या फेरीत हॅमिल्टनने त्याला गाठून मागे टाकले. त्या दिवशी सर्वांनी मर्सिडीजच्या धाडसाचे पोवाडे गायले आणि एका थांब्यावर अडून राहिलेल्या रेड बुलला नावे ठेवली. काल मॅक्लॅरेनने केले ते जवळपास तेच होते. तिथे ते तीन फेऱ्या शिल्लक असताना साधले, इथे अडीच सेकंदांनी हुकले. पियास्त्रीला साइन्झला ओलांडताना वेळ गेला नसता, तर शेवटच्या दोन फेऱ्यांत काय झाले असते, हे सांगता येत नाही.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे मान्य करतो. बुडापेस्टला हॅमिल्टनच्या मागे कोणीच नव्हते. तिसरा आलेला वेटेल मिनिटभर मागे होता. म्हणजे तो थांबा फुकटचा होता. फसला असता तरी हॅमिल्टन दुसराच राहिला असता. पियास्त्रीने मात्र पहिले स्थान सोडले. पाठलाग करणाऱ्याने जुगार खेळणे आणि पुढे असणाऱ्याने खेळणे, यांत फरक आहे.

आता चालकांविषयी. लक्लेरच्या हातांचे कौतुक चालले आहे ते योग्यच आहे, परंतु फेरारीने या शर्यतीसाठी गाडीला नवा तळ बसवला होता आणि तिचे संतुलन आदल्या काही शर्यतींपेक्षा स्पष्टपणे सुधारलेले होते, हे विसरू नये. मॅक्लॅरेनचे पुढचे टोक वळणात जोरात चावते. एका फेरीच्या वेगासाठी ते वरदान असते, पण ज्या दिवशी डावा पुढचा टायर हीच कमकुवत कडी असते, त्या दिवशी तोच गुण अंगाशी येतो. त्यामुळे सगळे श्रेय चालकाला देऊन गाडीला वगळणे मला पटत नाही.

---

कुर्व्हा ग्रांदे
2 सप्टेंबर 2024

गाडीचाच प्रश्न असेल तर साइन्झकडे पाहावे. तोही फेरारीतच होता, नवा तळ त्याच्याही गाडीला होता, त्यानेही एकच थांबा घेतला, आणि तो लक्लेरनंतर काही फेऱ्यांनी थांबला होता, म्हणजे त्याचे हार्ड टायर लक्लेरच्या टायरपेक्षा नवे होते. तरी तो 15 सेकंदांहून अधिक मागे, चौथा आला आणि दोन्ही मॅक्लॅरेनना तो अडवू शकला नाही. दोघांना वाट देताना त्याचा काही वेळ गेला हे धरले, तरी उरलेला फरक हातांचाच आहे.

लक्लेरची कीर्ती शनिवारची. एका फेरीत जीव ओतून पोल मिळवणारा आणि रविवारी टायर जाळून बसणारा, असा त्याच्याविषयीचा जुना शिक्का आहे. 2019 साली याच मोंझात तो हार्ड टायरवर हॅमिल्टनला आणि मग बोत्तासला थोपवून जिंकला होता, तेव्हाही अंतर एका सेकंदाच्या आतच होते; पण ती आरसा पाहत लढलेली लढाई होती. काल त्याने केले ते त्याहून अवघड आणि दिसायला कंटाळवाणे काम होते. आरशात कोणीच नसताना, स्वतःच्याच वेगाला लगाम घालून, तीस फेऱ्या एका टायरची मर्जी सांभाळायची, आणि शेवटच्या दहा फेऱ्यांत मागचा माणूस दर फेरीस सेकंदभराने जवळ येतो आहे हे रेडिओवर ऐकूनही घाबरून जोर लावायचा नाही. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतल्या सर्वोत्तम तीन शर्यतींत ही बसते. यावर वाद घालायला मी तयार आहे.

इतरांविषयी थोडक्यात. रसेलने पहिल्या शिकेनपाशी पियास्त्रीला चुकवण्याच्या प्रयत्नात पुढचा पंख दुखावून घेतला आणि त्याची शर्यत तिथेच बिघडली. व्हर्स्टॅपनने हार्डवर सुरुवात केली होती, म्हणजे कागदावर त्याची योजना वेगळी होती; पण गाडी कोणत्याच टायरवर धड चालत नव्हती, त्यातच एका थांब्याला सहा सेकंदांहून अधिक वेळ लागला, आणि तो सहावा आला. गेल्या वर्षी याच ठिकाणी सलग दहावा विजय मिळवणाऱ्या चालकाला असे मधल्या गर्दीत पाहणे विचित्र वाटले. विल्यम्समधून पहिलीच शर्यत खेळणारा कोलापिंटो बारावा आला. मॅग्नुसनला गॅस्लीशी झालेल्या धडकेबद्दल दंड झाला आणि त्याचे दंडगुण 12 झाले. त्यामुळे पुढच्या शर्यतीत त्याला बसता येणार नाही. गुणांची ही पद्धत सुरू झाल्यापासून बंदी ओढवून घेणारा तो पहिलाच.

---

सहावा गिअर
3 सप्टेंबर 2024

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही सगळी उत्तरे वाचून मी वही पुन्हा उघडली, आणि आता माझा मूळ प्रश्नच थोडा चुकीचा होता असे वाटते. मी पियास्त्रीची तुलना लक्लेरशी करत होतो. ती नॉरिसशी करायला हवी होती.

‘रबरकाम’ यांनी म्हटल्याप्रमाणे दोन्ही मॅक्लॅरेन त्या टप्प्यात एकमेकांकडे पाहून चालत होत्या. संघाने त्यांना परस्परांशी लढण्याची मुभा दिली आहे, अट एवढीच की टक्कर होऊ नये. ज्याला ते ‘पपया रूल्स’ म्हणतात ते हेच. आता अट काटेकोरपणे पाळली गेली. टक्कर झाली नाही. पण पहिल्या फेरीत त्याच मुभेमुळे लक्लेर दोघांच्या मध्ये घुसला. त्याला पुन्हा मागे टाकण्यासाठी नॉरिसला 14व्या फेरीत, म्हणजे फारच लवकर, थांबावे लागले. तितक्या लवकर घेतलेल्या हार्ड टायरवर शेवटपर्यंत जाणे कठीण, म्हणून नॉरिससाठी दोन थांबे जवळपास तिथेच ठरले. नॉरिसने थांबे घेण्याची गती वाढवली, म्हणून पियास्त्रीला 16व्या फेरीत यावे लागले आणि मग त्याच्यापुढे राहण्यासाठी टायर ताणावे लागले. फेरारीने यातले काहीच घडवून आणले नाही. त्यांनी फक्त हे होऊ दिले आणि आपला टायर जपला. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ, ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरलेली मी क्वचितच पाहिली आहे, आणि गंमत अशी की भांडण मुळात झालेच नाही. दोघेही शिस्तीत होते.

एक शंका उरते. ‘रबरकाम’, तुमच्या म्हणण्याप्रमाणे ग्रेनिंग बरे होते, तर 38व्या फेरीपर्यंत पियास्त्रीचा टायरही बरा झाला असण्याची शक्यता होती का?

---

रबरकाम
3 सप्टेंबर 2024

होती, आणि म्हणूनच ‘पिट भिंत’ यांच्या टीकेत तथ्य आहे. टायरवर नक्की काय चालले आहे हे संघाला थेट दिसत नाही. त्यांच्याकडे तापमानाचे आकडे असतात, फेऱ्यांच्या वेळा असतात, आणि चालकाचे शब्द असतात. चालक म्हणाला की पुढचा डावा टायर संपला, तर तो त्या क्षणी खरेच बोलत असतो. पण तो टायर संपला आहे की आजारी आहे, हे त्याला आतून सांगता येत नाही. दोन्ही अवस्थांत स्टिअरिंगला सारखेच जाणवते, गाडी वळत नाही.

फरक ओळखण्याची एक वाट आहे. पहिल्या संचाचे उतरवलेले टायर गॅरेजमध्ये पडलेले असतात. त्यांच्यावर किती रबर शिल्लक आहे हे मोजून पाहता येते. आणि दुसऱ्या संघांच्या गाड्यांच्या वेळांवरूनही कळते. लक्लेरच्या वेळा तिसाव्या फेरीनंतर बिघडण्याऐवजी स्थिर राहिल्या असतील, तर त्याचा अर्थ रस्ता सुधारला आहे आणि टायर बरे होत आहेत. तो निरोप मॅक्लॅरेनच्या भिंतीपर्यंत पोहोचला का, आणि पोहोचला तर त्यावर विश्वास ठेवायचे धाडस कोणाला झाले का, हा प्रश्न आपण बाहेरून सोडवू शकणार नाही.

---

अर्धा सेकंद
3 सप्टेंबर 2024

गुणांचा हिशेब कोणीच दिला नाही म्हणून देतो. फेरारीला काल 25 आणि 12 मिळून 37 गुण मिळाले. मॅक्लॅरेनला 18 आणि 15, शिवाय शेवटच्या फेरीत नॉरिसने नोंदवलेल्या सर्वांत वेगवान फेरीचा एक, असे 34. संघांच्या तक्त्यात रेड बुल 446, मॅक्लॅरेन 438 आणि फेरारी 407 असे चित्र आहे. म्हणजे हरूनही मॅक्लॅरेन रेड बुलपासून केवळ आठ गुणांवर आले. चालकांमध्ये व्हर्स्टॅपन 303 आणि नॉरिस 241. 62 गुणांचे हे अंतर आठ शर्यतींत भरून निघण्यासारखे आहे, पण त्यासाठी संघाने कोणाला पुढे करायचे ते एकदाचे ठरवावे लागेल. जुलैत हंगेरीत नॉरिसने संघाच्या सांगण्यावरून पियास्त्रीला विजय देऊन टाकला, आणि मोंझात पियास्त्रीने पहिल्या फेरीतच नॉरिसला हिसका दाखवला. हे दोन्ही एकाच संघात सहा आठवड्यांच्या अंतराने घडते, याला धोरण म्हणावे की नाही, ते वाचकांनी ठरवावे.

---

पिट भिंत
16 सप्टेंबर 2024

जुना विषय वर काढल्याबद्दल क्षमस्व, पण कालची बाकूची शर्यत पाहून इथे यावेसे वाटले. लक्लेर पोलवर, पुढे, आणि पियास्त्री त्याच्या मागे. पहिल्या थांब्यानंतर 20व्या फेरीत पियास्त्रीने पहिल्या वळणाला आतून उडी घेतली, आणि मग उरलेल्या साऱ्या फेऱ्या त्याच हार्ड टायरवर, मागे लक्लेर चिकटलेला असताना, एकही चूक न करता काढल्या. एकच थांबा. शेवटी टायर लक्लेरचे गेले. मोंझात ज्याच्यावर दुसऱ्या थांब्याची पाळी आली, तो हाच चालक. या वेळी नॉरिस सुरुवातीलाच पंधराव्या जागेवर असल्यामुळे मागून सहकाऱ्याचे दडपण नव्हते, हे ‘सहावा गिअर’ यांच्या नजरेतून सुटणार नाही.

---

कुर्व्हा ग्रांदे
10 डिसेंबर 2024

हंगाम परवा अबू धाबीत संपला, तेव्हा या धाग्याचा हिशेबही पूर्ण करून टाकतो. मॅक्लॅरेनने संघांचे विजेतेपद 666 गुणांसह जिंकले आणि फेरारी 652 गुणांवर राहिली. अंतर फक्त 14. मोंझात पियास्त्री आणि लक्लेर यांची जागा बदलली असती, तर मॅक्लॅरेनला सात गुण जास्त आणि फेरारीला सात कमी मिळाले असते, म्हणजे नेमका 14 गुणांचाच फरक पडला असता. त्या एका न घेतलेल्या थांब्याने फेरारीला अबू धाबीच्या शेवटच्या फेरीपर्यंत आशेवर ठेवले होते. ‘अर्धा सेकंद’ यांनी पूर्वी विचारलेल्या धोरणाच्या प्रश्नाबाबत एवढेच, की नॉरिस 374 गुणांवर थांबला आणि व्हर्स्टॅपन 437 गुणांसह विजेता झाला. मोंझानंतर 62 असलेले अंतर शेवटी 63 झाले.